मासे, प्रवाळ आणि एक पांढरा तुकडा

तीन महिन्यांसाठी ऑनसाइट आलोय, न्यू जर्सीला. इथे वीकएंडला काय करायचं असं विचारलं की मॉल, दुसरा मॉल आणि कुणाच्या तरी घरी पॉटलक एवढीच उत्तरं मिळतात. माझं नशीब बरं, टीममधला एक कोल्हापूरकर घरात समुद्र पाळतो. म्हणजे खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात दोन क्लाउनफिश (तेच ते, निमोवाले), एक निळी डॅम्सेल आणि जिवंत प्रवाळ. (पुण्यात घरी हे करायला जाऊ नका. कठीण प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. माझ्याकडे म्हणूनच फक्त गप्पी आहेत. म्हणूनच म्हणजे, शिवाय पैसे.)

"डीएसएलआर घेऊन मिरवतोस नुसता. आमच्या माशांचे चार फोटो काढ की लेका, आईला पाठवायचेत."

पहिल्या शनिवारी १४० फोटो काढले. बघण्यासारखे चार. बाकीच्यांत काचेत उमटलेला मी, मागचा सोफा, माशाची शेपटी (मासा फ्रेमच्या बाहेर) आणि सगळ्यावर नीळ जास्त झाल्यासारखा रंग. प्रवाळाच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच बनवतं. त्या शैवालाला मानवतो म्हणून या टँकवरचे एलईडी निळा प्रकाश भरपूर टाकतात. कॅमेऱ्याचं डोकं त्यात फिरतं.

दुसऱ्या शनिवारी अभ्यास करून गेलो. खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले, काच पुसलेली. लेन्स काचेला अगदी काटकोनात, कारण जरा तिरकी झाली की चित्र फिसकटतं. शटर १/२००, आयएसओ १६००. पंप दहा मिनिटं बंद, म्हणजे प्रवाळ हलायचे थांबतात. माशाच्या मागे कॅमेरा पळवायचा नाही. तो ठरलेल्या वाटेनेच फिरतो, कंपनीच्या बससारखा. त्या वाटेवरच्या एका दगडावर फोकस लावून गप्प बसायचं. आणि रंगासाठी पीव्हीसी पाइपचा एक पांढरा तुकडा टँकमध्ये ठेवायचा, त्याचा फोटो काढून कॅमेऱ्याला सांगायचं की बाबा रे, हे पांढरं. या वेळी तीसेक फोटो चांगले आले. आई खूश.

हे सगळं शोधताना साहजिकच डोक्यात आलं की हे पहिल्यांदा कुणी केलं असेल? आणि मग रविवार गेला.

पाण्याखाली कॅमेरा नेण्याचं श्रेय बहुतेक ठिकाणी लुई बूताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाला दिलेलं दिसतं. १८९३ साली भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल्सला त्याने भावाकडून पाणबंद पेटी बनवून घेतली आणि तिच्यातून फोटो काढले. एकेका फोटोला अर्धा अर्धा तास लागायचा. अर्ध्या तासात मासा किती वेळा येऊन जात असेल! १९२६ मध्ये अमेरिकेत लाँगली आणि मार्टिन या जोडीने फ्लोरिडाजवळ माशाचा पहिला रंगीत फोटो पाण्याखाली काढला, तेव्हा उजेडासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. लाँगली एकदा त्यात चांगला भाजला. आणि मी आयएसओ वाढवला की नॉइज येतो म्हणून कुरकुरत होतो.

पण माझा रविवार खरा गेला तो विल्यम सॅव्हिल-केंट नावाच्या माणसामागे.

हा इंग्रज, जन्म १८४५. ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवाळांच्या संग्रहावर काम केलं. १८७२ मध्ये ब्रायटनला मोठं मत्स्यालय उघडलं, तिथे निसर्गशास्त्रज्ञ म्हणून लागला. म्हणजे काचेपलीकडचा समुद्र बघण्यात याची उमेदीची वर्षं गेली. (त्याच्या घरची एक भयंकर गोष्ट आहे. १८६० मध्ये त्याच्या चिमुकल्या सावत्र भावाचा खून झाला आणि पाच वर्षांनी सख्ख्या बहिणीने, कॉन्स्टन्सने, तो कबूल केला. त्या प्रकरणावर पुस्तकं आहेत. तो वेगळ्या लेखाचा विषय. असो.) १८८४ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला गेला, मासेमारी खात्यात. क्वीन्सलंडला असताना त्याने ग्रेट बॅरियर रीफचे फोटो काढायला घेतले.

आता प्रश्न बघा. पाण्याखाली जाणारा कॅमेरा त्याच्याकडे नाही. वरून काढावं तर पाण्यावरची चकाकी आणि लाटा. मग त्याने काच, पाणी, सगळंच समीकरणातून काढून टाकलं. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला प्रवाळ थोडा वेळ चक्क उघडे पडतात. त्या वेळात कॅमेरा उभा करायचा आणि काढायचे. प्रवाळ पळून जात नाहीत, घाई फक्त भरतीची. १८९३ मध्ये, म्हणजे बूताँ पाण्यात उतरला त्याच वर्षी, त्याचा जाडजूड ग्रंथ आला. त्यात ४८ पानं फोटोंची आणि १६ रंगीत चित्रांची. फोटो करड्या रंगातले, रंग सगळे चित्रांत. आकार कॅमेऱ्याने सांगायचा आणि रंग माणसाने, अशी वाटणी.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. थर्सडे आयलंडजवळच्या काही प्रवाळांची त्याने मापं लिहून ठेवली. पुढे कुणीतरी येऊन ते किती वाढले हे बघेल म्हणून. आणि खरंच १९१३ मध्ये आल्फ्रेड मेयर नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ तिथे गेला आणि तेच प्रवाळ पुन्हा मोजले. सॅव्हिल-केंट तोवर वारला होता (१९०८). आपण कोडमध्ये कॉमेंट लिहितो तेव्हा पुढच्या माणसाचा एवढा विचार करतो का? मी तरी नाही.

हे वाचल्यावर तिसऱ्या शनिवारपासून पद्धत बदलली. तोच कॅमेरा, ट्रायपॉडसाठी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा, सगळी सेटिंग्ज हाताने आणि तीच, आणि पांढरा तुकडा फ्रेमच्या कोपऱ्यात कायमचा. कोल्हापूरकर म्हणाला, "पासपोर्टचा फोटो काढतोस काय रे माशांचा?"

पाचव्या शनिवारचे आणि तिसऱ्याचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा दिसलं. टँकमध्ये मॉन्टिपोरा आहे, पापडासारखा पसरणारा तपकिरी प्रवाळ. त्याची वरची कड फिकट पडली होती. पांढरा तुकडा दोन्हीत सारखाच, कड नाही. कोल्हापूरकर रोज फोनवर फोटो काढत होता, त्यात काहीच कळत नव्हतं. फोन प्रत्येक फोटोचा उजेड आणि रंग आपल्या मनाने ठीकठाक करून देतो. प्रवाळ रोज थोडा फिकट होत होता आणि फोन रोज ते थोडं झाकत होता. टेस्ट पास व्हावी म्हणून अपेक्षित उत्तरच बदलणारा एक जण माझ्या पहिल्या प्रोजेक्टवर होता, त्याची आठवण आली.

मी लगेच निदान करून मोकळा: दोन महिन्यांपूर्वी नवे दिवे लावलेस, उजेड जास्त होतोय. तो म्हणाला, "तीन दिवस हीटर बिघडला होता, पाणी तापलेलं, ते विसरलास काय?"

इथे सॅव्हिल-केंट पुन्हा आठवला. क्वीन्सलंडमध्ये बोवेनजवळ स्टोन आयलंड आहे. तिथे १८९० च्या आसपास त्याने काढलेल्या फोटोत प्रवाळच प्रवाळ आहेत. शंभरेक वर्षांनी, १९९४ मध्ये, तिथेच काढलेल्या फोटोत जवळजवळ काही नाही. ही जोडी रीफच्या ऱ्हासाचं चित्र म्हणून जगभर फिरली. पण ज्या अभ्यासात ती होती त्यातच इतर काही ठिकाणी फारसा फरक पडलेला नव्हता, ते फोटो कुणी फिरवले नाहीत. शिवाय १९१८ च्या वादळात आणि पुरात गोड्या पाण्याने तिथले प्रवाळ मेल्याची नोंद चार्ल्स हेडलीने १९२५ मध्येच केली होती. पुढे पीटर रिड या प्राध्यापकाने या फोटोंच्या वापरावरच आक्षेप घेतला, विद्यापीठाशी वाद पेटला, २०१८ मध्ये नोकरी गेली आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. तो निकाल नोकरीतल्या नियमांचा होता, फोटो काय सिद्ध करतात याचा नव्हे. रीफ तापमानाने पांढरं पडतंय हे तर खरंच आहे, २०१६ पासून ते पुन्हा पुन्हा झालंय. पण त्या दोन फोटोंतून "तेव्हा होतं, आता नाही" एवढंच कळतं. मध्ये काय आणि केव्हा झालं ते कळायला मधले फोटो हवेत, आणि ते कुणी काढले नाहीत.

माझ्याकडेही तीन शनिवारच आहेत. हीटर बिघडला तो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या आठवड्यात, आणि तेव्हा मी टी-शर्टचं प्रतिबिंब टिपण्यात गुंग होतो.

शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दिवे ३० टक्क्यांनी कमी केलेत, पाण्याचं तापमान रोज वहीत लिहायचं. काल सहावा शनिवार होता. कड होती तेवढीच फिकट आहे, पुढे सरकलेली नाही. माझी परतीची फ्लाइट बाविसाव्या दिवशी आहे, म्हणजे अजून तीन शनिवार मिळतील. त्यानंतर चिकटपट्टीच्या खुणा काढायच्या नाहीत असं वहिनींना सांगून ठेवलंय, आणि सेटिंग्जचा कागद टँकच्या बाजूला लावलाय. कोल्हापूरकर जुना कॅमेरा विकत घ्यायचं म्हणतोय.