हळू थापलेली भाकरी

आमच्या आजीचा हात भाकरीला फार चपळ. तवा तापला की परातीत थाप-थाप सुरू व्हायची आणि बोलता बोलता दुरडी भरायची. पण महिन्यातल्या एक-दोन रात्री ती मुद्दाम रेंगाळायची. मळलेलं पीठ पुन्हा मळायची, चुलीतलं लाकूड मागे ओढायची, भाकरी कडेकडेने सावकाश फिरवत बसायची. असं का, ते तिने मला सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि बाहेर संप चालू होता.

लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तिची खानावळ होती. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात. बायकामुलं गावी ठेवून रत्नागिरीकडून आलेले चौदा-पंधरा गिरणी कामगार तिच्याकडे दोन पंगतींत जेवायचे. 1934 चा संप मोडल्यानंतरचे ते दिवस. लाल बावटा युनियनच्या वर्गणीची पावती कुणाकडे आहे हे कळलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या साच्यावर बदलीवाला उभा दिसायचा. जॉबरची, म्हणजे मुकादमाची, माणसं संध्याकाळी चाळीत चक्कर मारायची आणि दाराबाहेरच्या चपला मोजायची. एका खोलीबाहेर पंधरा जोड दिसले की सकाळच्या पाळीआधी ती बातमी खात्यात पोचलेली असायची. खानावळीच्या दारात मात्र चपला असणारच. म्हणून सभा जेवणाच्या वेळी भरायची, ताटावर. पंगत उठायला आली आणि बोलणं संपलं नसलं, की आजोबा नुसतं म्हणायचे, "अजून एकेक वाढ गं." आणि आजी भाकरी हळू थापायची.

आजोबांना दोन आकडे पाठ होते, पाच आणि सात. जमावबंदीचा हुकूम असला की नाक्यावर पाचवा माणूस येऊन उभा राहिला तरी गुन्हा. आणि 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याप्रमाणे सात जणांनी सह्या केल्या की युनियनच्या नोंदणीचा अर्ज करता यायचा. "पाचाचे सात होईपर्यंतच खरी भीती," ते म्हणायचे.

हा सातांचा कायदा कुणी आपणहून दिलेला नव्हता. मद्रासच्या बिन्नी गिरणीतल्या कामगारांची संघटना बांधली म्हणून बी. पी. वाडियांवर दावा लागला होता आणि कोर्टाने मनाईहुकूम काढला होता. त्यानंतर ना. म. जोशींनी 1921 मध्ये दिल्लीच्या विधिमंडळात अशा कायद्याची मागणी केली. जोशी आपल्या रायगडातल्या गोरेगावचे. 1919 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांनाच पाठवलं होतं. पण कामगारांचा प्रतिनिधी कामगारांच्या संघटनांना विचारून ठरवावा, असं व्हर्सायच्या तहात लिहिलेलं. विचारायचं कुणाला? देशभराची अशी संघटनाच नव्हती. 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक स्थापन झाली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. दूरदेशीच्या तहातलं एक कलम आमच्या परळ-लालबागच्या माणसांना असं उपयोगी पडलं, याचा मला आजही आनंद होतो.

7 नोव्हेंबर 1938 ला आजीने चूल पेटवली नाही. मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकात संपावर बंधनं घातली होती. त्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा त्या दिवशी एकत्र संपात उतरले. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, असं आंबेडकरांनी सभागृहात मांडलं होतं. आजीला अक्षरओळख नव्हती, पण हे वाक्य तिने तिच्या भाषेत जपलं होतं: "नको म्हणता आलं तर माणूस."

पुढे जगाने हे लिहून काढलं. 10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं विसावं कलम शांततेने जमण्याचा आणि संघटना करण्याचा हक्क देतं. आणि कुणालाही बळजबरीने एखाद्या संघटनेत घालता येणार नाही, असंही बजावतं. त्याच वर्षीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 87 क्रमांकाचा करार सांगतो की कामगाराने आपल्या पसंतीची संघटना करावी. आपण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे स्थापनेपासूनचे सभासद, आणि हा करार आपण अजून मान्य केलेला नाही. मला हे लागतं. त्यातल्या त्यात आधार एवढाच, की 1951 पासून तिथे संघटना-स्वातंत्र्याची एक समिती आहे आणि करार मान्य न केलेल्या देशाविरुद्धची तक्रारही ती ऐकते, त्या सरकारकडून उत्तर मागते.

'आपल्या पसंतीची' या शब्दांची किंमत आमच्या घराने मोजली. मुंबईच्या 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने कापड गिरण्यांत एकाच युनियनला प्रतिनिधी मानलं. वाटाघाटी तिनेच करायच्या, सही तिचीच चालायची. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तेव्हा पगार-बोनसइतकीच ही अडचणही त्यांच्या मनात होती. वडील त्यांतले एक. आपल्या वतीने कोण बोलणार हे अडीच लाख माणसं रस्त्यावर उभी राहून सांगत होती आणि कायद्याच्या कानाला ते ऐकू येत नव्हतं. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वडिलांना त्यांच्या गिरणीने पुन्हा आत घेतलं नाही.

या संपाच्या आधीच, 1979 मध्ये, भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला होता. जमण्याची आणि संघटनेची कलमं आमच्या घटनेच्या एकोणिसाव्या कलमाला धरूनच लागू होतील, अशी पुस्ती जोडून. त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने 2020 च्या जुलैत जमण्याच्या हक्काचा सविस्तर अर्थ लावला. सभा मैदानातच भरते असं नाही, चार भिंतींच्या आत, खाजगी जागेत भरली तरी तिला संरक्षण आहे, असं त्यात म्हटलंय. ते वाचताना मला दहा बाय बाराची खोली दिसली, भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं दिसली.

1982 च्या त्या संपाला सहा महिने होऊन गेले होते. पावसाची रात्र. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, खानावळही कधीच बंद पडली होती. वडिलांच्या खात्यातले आठ-नऊ जण खोलीत दाटीवाटीने बसले होते. कुणाच्या घरातली भांडी गेली, कोण गावी निघून गेला, असं बोलणं चाललेलं. बोलता बोलता एकाचा आवाज चढला आणि जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. सगळे गप्प झाले. आजीने आतून एकवार दाराबाहेरच्या ओल्या चपलांकडे पाहिलं, स्टोची हवा थोडी सोडली, आणि मळून ठेवलेलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.