भ्रमणध्वनी जाळ्यातील सेवारोध : एका काटकसरीचा इतिहास

भ्रमणध्वनी सेवा बंद पाडण्यासाठी मनोरे उद्ध्वस्त करावे लागतात, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठातील विल्यम एन्क, पॅट्रिक ट्रेनर, पॅट्रिक मॅकडॅनियल व थॉमस ला पोर्टा या संशोधकांनी २००५ साली त्याला धक्का दिला. मॅनहॅटनमधील संभाषणसेवा रोखण्यास दर सेकंदाला १६५ लघुसंदेश पुरेसे आहेत, असे गणित त्यांनी मांडले. या दुर्बलतेचे मूळ हल्लेखोराच्या चातुर्यापेक्षा दूरध्वनी यंत्रणेच्या इतिहासात अधिक आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत दूर अंतराच्या जोडणीचे आदेश आवाजाच्याच वाहिनीतून स्वररूपाने जात. २६०० हर्ट्झचा स्वर काढून फुकट बोलणाऱ्यांचा एक वर्गच तेथे निर्माण झाला. न्याहारीच्या खोक्यात भेट मिळणारी प्लास्टिकची शिट्टीही त्या कामी येत असे! पुढील दशकात आदेशांसाठी, म्हणजेच संकेतनासाठी, स्वतंत्र मार्ग काढण्यात आला आणि १९८० मध्ये 'सिग्नलिंग सिस्टिम ७' या पद्धतीस आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ग्राहक आणि यंत्रणेचे आदेश यांच्यामध्ये भिंत उभी राहिली.

या भिंतीला खिंडार पडले ते जीएसएमच्या रचनाकारांच्याच हातून. संकेतन वाहिन्या बराच काळ रिकाम्या असतात. त्यांतून छोटा मजकूर का पाठवू नये, असा विचार १९८४-८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांट व बर्नार्ड गिलेबेअर यांनी मांडला. नवी वाहिनी उभारण्याचा खर्च त्यामुळे वाचला. १४० बाइटची मर्यादा याच काटकसरीतून आली. रोमन लिपीत १६० अक्षरे, तर देवनागरीत जेमतेम ७०. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पहिला लघुसंदेश गेला, तेव्हा हा हिशेब निर्दोषच वाटत होता.

परंतु संभाषण जोडण्यापूर्वी फोनला जी नियंत्रण वाहिनी मिळवावी लागते, तीच लघुसंदेश पोहोचविण्यासही लागते. एका संदेशास सुमारे चार सेकंद धरल्यास एका वाहिनीतून तासाला ९०० संदेश जातात. मॅनहॅटनचे ५५ विभाग आणि प्रत्येकी १२ वाहिन्या धरून तासाला ५,९४,००० संदेश होतात. सेकंदाचा आकडा १६५ येतो तो यातून. नाट्यगृहात खुर्च्या रिकाम्या असाव्यात आणि तिकीट खिडकी मात्र अडलेली असावी, तशी ही अवस्था. संकेतस्थळांवरून संदेश पाठविण्याची सोय झाल्यावर तर त्यासाठी फोनचीही गरज उरली नाही. घरगुती केबल मोडेम पुरेसा होता. अर्थात हा आकडा गणिताचा होता. मॅनहॅटनवर असा हल्ला कोणी केलेला नव्हता, आणि संदेश सर्व विभागांत समप्रमाणात विभागले जातील हे त्यात गृहीत होते.

किंबहुना सेवारोधास हल्लेखोर लागतोच असे नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईत लोकलगाड्यांतील स्फोटांनंतर आप्तांच्या चौकशीसाठी एकाच वेळी असंख्य फोन फिरविले गेले आणि जाळी तुंबली. २५ जानेवारी २०१२ रोजी टोकियोत एनटीटी डोकोमोच्या सुमारे २५ लाख ग्राहकांना सेवा मिळण्यात अडथळा आला. तेथे ना घबराट होती, ना लघुसंदेशांचा मारा. स्मार्टफोनवरील संवादाची ॲप्स, वापरकर्ता काही करीत नसतानाही, ठराविक अंतराने जे नियंत्रण संकेत पाठवीत होती, ते नव्याने बसविलेल्या उपकरणांच्या क्षमतेबाहेर गेले होते.