तीन नंबरचा बावटा : कोकण किनाऱ्यावरील वाऱ्याच्या इशाऱ्यांची वाटचाल

पावसाळा सोडला तर कोकण किनाऱ्यावर वारा साधारणपणे दिवसातून दोनदा दिशा बदलतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा येऊ लागतो. होड्या शिडावर चालत होत्या तोवर दिवसाच्या मासेमारीचे गणित या दोन वाऱ्यांवर बसवलेले असे. मतलईवर बाहेर पडायचे आणि खाऱ्यावर घरी यायचे. ही शिस्त मोडते ती वादळात, किंवा हिवाळ्यात वायव्येकडून थंड वारा दिवसचे दिवस घोंगावू लागला की.

पावसाळ्याबद्दल कुणाला अंदाज सांगण्याची गरज नव्हती. जूनपूर्वी होड्या ओढून घ्यायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून दर्या खुला करायचा, हा नेम कोळी, खारवी, दालदी, गाबीत अशा सर्वांनीच पाळला. हल्ली सरकार १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवते. माशांची पैदास हे त्याचे कारण सांगितले जात असले, तरी कायद्याने एका जुन्याच रिवाजाला तारखा लावून दिल्या आहेत. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांचे मात्र कोडेच होते. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज आरमार घेऊन बसरूरच्या मोहिमेवर गेले, तेव्हा वादळी वाऱ्याने त्यांची जहाजे दक्षिणेकडे रेटली आणि पुढे वायव्येच्या वाऱ्यामुळे बरेच दिवस परत फिरता आले नाही, अशी नोंद इतिहासकार ग्रँट डफने केली आहे. किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जायचे आणि वारा नेमका तोंडावर, अशा वेळी शिडाच्या जहाजाला वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

वाऱ्याची नियमित नोंद ठेवण्याचे काम या किनाऱ्यावर सुरू झाले ते कुलाब्यात. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा स्थापन केली, ती खगोलवेधांसाठी आणि जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. चुंबकीय आणि हवामानविषयक वेधांची सलग मालिका १८४१ पासून मिळते. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लिबार वेधशाळेचे प्रमुख होते आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुणांत केरो लक्ष्मण छत्रे होते. पुढे गणिती म्हणून नावाजलेल्या केरूनानांची उमेदीची वर्षे ही यंत्रे वाचण्यात गेली. तरीही रोजची वही भरली म्हणून उद्याचा वारा सांगता येत नाही. त्यासाठी शेकडो मैलांवरचा आजचा वारा कळावा लागतो आणि वाऱ्यापेक्षा वेगाने निरोप आणणारे साधन लागते. ते साधन म्हणजे तार. १८५५ पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि आग्रा ही शहरे तारेने सर्वसामान्यांसाठीही जोडली गेली होती. नसलेली गोष्ट होती ती निकड.

ती निकड बंगालच्या उपसागराने दाखवली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळाने हुगळी नदीत समुद्राची लाट चढवली, बंदरातली जहाजे काठावर नेऊन आपटली आणि सुमारे साठ हजार माणसांचा बळी घेतला. महिनाभरातच मच्छलीपट्टणला तसेच दुसरे वादळ धडकले. गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी कलकत्त्याच्या वादळाचा तपशीलवार अहवाल तयार केला, आणि १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशारे देण्याची व्यवस्था उभी राहिली. याच वर्षी इंग्लंडमध्ये अशा इशाऱ्यांचा जनक रॉबर्ट फिट्झरॉय याने आत्महत्या केली. १८६१ पासून तो बंदरांवर शंकू आणि नळकांडी टांगून वादळाची सूचना देत असे. अंदाज चुकले की वर्तमानपत्रे त्याची टर उडवत आणि शास्त्रज्ञ नाके मुरडत. त्याच्या मृत्यूनंतर तिथले इशारे काही काळ बंदही पडले. हिंदुस्थानात तशी चैन परवडण्याजोगी नव्हती. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि ब्लॅनफर्डच त्याचे पहिले प्रमुख झाले.

अरबी समुद्राकडे लक्ष जायला आणखी काही वर्षे लागली. १८८० मध्ये मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आणि कुमठा या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांना इशारे मिळू लागले. मात्र प्रत्येक बंदराची खुणांची पद्धत वेगळी होती. एका बंदरातला तांडेल दुसऱ्या बंदरात गेला की वर काय टांगले आहे हे त्याने विचारायचे कुणाला? १ एप्रिल १८९८ पासून सर्व बंदरांना एकच पद्धत लागू झाली आणि किरकोळ फेरफार वगळता तीच आजही चालू आहे.

लोक बावटा म्हणत असले तरी उंच खांबावर दिवसा चढतात ते शंकू आणि नळकांडी, आणि रात्री लाल-पांढरे दिवे. एकूण खुणा अकरा. पहिल्या दोन दूरच्या वादळाच्या आहेत. बंदराला धोका नाही, पण बाहेर पडणाऱ्या जहाजाला आहे, असा त्यांचा अर्थ. तिसरी खूण बंदरात सोसाट्याचा वारा येईल असे सांगते. चौथी सांगते की वादळाचे सावट बंदरावर आहे, पण बंदोबस्ताला लागावे इतका धोका अजून नक्की नाही. पाच, सहा आणि सात या धोक्याच्या खुणा. वादळ बंदराला डावीकडे ठेवून जाणार, उजवीकडे ठेवून जाणार की बंदरावरूनच जाणार, हे त्यांतून कळते. आठ, नऊ आणि दहा यांचा क्रम तोच, फक्त वादळ तीव्र. अकरावी खूण सर्वांत बोलकी म्हणावी लागेल. हवामान कार्यालयाशी संपर्क तुटला आहे आणि वादळाचा धोका आहे असे बंदराच्या अधिकाऱ्याचे मत आहे, एवढेच ती सांगते.

लहान गलबतांची ये-जा असलेल्या स्थानिक बंदरांना मात्र या अकरांपैकी पाचच खुणा दिल्या गेल्या : तीन, चार, सात, दहा आणि अकरा. दूरच्या वादळाची सूचना खोल समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठी, किनाऱ्या-किनाऱ्याने जाणाऱ्या मचव्याला तिचा उपयोग काय, असा हिशेब त्यामागे असावा. अशा बंदरांवर बावट्यांची मोजणी तीनपासूनच सुरू होते. तीन नंबरचा बावटा हे शब्द मराठी वर्तमानपत्रांत आणि किनाऱ्यावरच्या बोलण्यात इतके रुळले, त्याचे एक कारण यात सापडते.

या काळातले एक वादळ मात्र झालेच नाही. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ आले आणि एक लाख माणसे मेली, असे जगातील भीषण वादळांच्या कित्येक याद्यांत छापलेले आढळते. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. आठांतला एक माणूस एका दिवसात मरावा आणि शहराच्या इतिहासात, वर्तमानपत्रांत, कुलाब्याच्या वेधांत त्याचा मागमूस नसावा, हे संभवत नाही. अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकात या दंतकथेचा समाचार घेतला आहे. खरी वादळे मुंबईने पाहिली होती. १ नोव्हेंबर १८५४ च्या रात्रीच्या वादळाने बंदरातील गलबतांची मोठी हानी केली होती. एका खोट्या आकड्यापुढे ते कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

इशारा तयार होणे आणि तो पाण्यातल्या बोटीपर्यंत पोचणे यांत मोठे अंतर होते, आणि किनाऱ्यावरच्या दुर्घटना बहुतेक त्या अंतरातच घडल्या. विजेच्या दिव्यांमुळे ‘विजळी’ म्हणून ओळखली जाणारी ‘वैतरणा’ ही आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या कोकणच्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. दोन्ही घटना नोव्हेंबरच्या आहेत आणि तो योगायोग नव्हे. अरबी समुद्रातली वादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर उठतात, आणि नंतरची अधिक फसवी, कारण तोवर दर्या खुला झालेला असतो. १७ जुलै १९४७ ची ‘रामदास’ ही मात्र भर पावसाळ्यातली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसकडे निघालेली ही बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी आषाढी अमावस्या होती आणि बोट गावी निघालेल्या लोकांनी भरली होती. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई एवढी जवळ असूनही बातमी धक्क्यावर पोचायला दुपार उलटली. तोवर जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना मासेमारी करणाऱ्या कोळ्यांनी बाहेर काढले होते.

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला शिमला ऑफिस हे नाव चिकटले ते कायमचेच. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, तरी अंदाजाचे बरेच काम पुण्यातच राहिले. अरबी समुद्राच्या या बाजूचे वादळाचे इशारे मुंबईतून दिले जातात. मच्छीमारांसाठी वेगळा इशारा देण्याचा संकेत आहे. वारा ताशी ४५ किलोमीटरपेक्षा जोरात वाहणार असेल किंवा लाटा चार मीटरपर्यंत चढणार असतील, तर तो निघतो. आकाशवाणीने तो घराघरात नेला, पण नौका आठ-दहा दिवसांसाठी खोल समुद्रात जाऊ लागल्या तसे ते जुने अंतर पुन्हा उघडे पडले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ हे चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले. इशारा दिला गेला होता. नौका मात्र आधीच बाहेर होत्या, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या काही परतल्याच नाहीत. उपग्रहाद्वारे थेट नौकेवर संदेश देणारी उपकरणे आता उपलब्ध आहेत. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा घरे आणि बागा उद्ध्वस्त झाल्या, पण त्याआधी मच्छीमारांना माघारी बोलावता आले होते.

या इशाऱ्यांना आता आणखी एक वाचकवर्ग मिळाला आहे, तो पर्यटनाशी संबंधित लोकांचा. हिवाळ्यात उत्तरेकडून पश्चिमी झंझावात सरकला की त्याच्यामागून वायव्येचा थंड वारा कोकणात उतरतो. मुंबईत सांताक्रूझ येथे जानेवारी १९६२ मध्ये किमान तापमान ७.४ अंशांवर गेले होते आणि हा नीचांक अजून टिकून आहे. २३ जानेवारी २०२२ च्या रविवारी असाच वारा वायव्येकडची धूळ घेऊन आला. मुंबईत भर दुपारी तापमान २४ अंशांच्या आसपास राहिले आणि उभ्या गाड्यांवर पांढुरका थर बसला. शनिवार-रविवारी मांडव्याची लाँच धरणारा पर्यटक, काशीद-मुरूडचे घरगुती खाणावळवाले आणि किनाऱ्यावर पॅरासेलिंग चालवणारे सगळेच अशा वेळी मोबाइलवर वाऱ्याचा वेग पाहतात. त्यांना दिसणारा आकडा मच्छीमारांच्या इशाऱ्यातलाच असतो. ताशी ४५ किलोमीटरचा वारा पर्यटकाच्या दृष्टीने लाटांचा देखावा असतो, तर लहान होडीवाल्याला तो तीन नंबरचाच बावटा असतो.