पाचाचं पंच

कॉकटेल म्हणजे साहेबाने शोधायचं आणि आपण मेनूकार्डात वाचून मागवायचं, असा आपला साधारण समज. 'मोहितो' म्हणताना आपण अजूनही जरा दबकतोच. पण कॉकटेल हा शब्द छापून येण्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी इंग्रजांना मिश्र दारूची चटक लावली ती 'पंच'ने. आणि पंचचे सगळ्यात जुने उल्लेख बघितले तर ते निघतात आपल्याच किनाऱ्यांवरचे.

ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं बीअर आणि वाईनची पिंपं भरून निघायची. प्रवास कित्येक महिन्यांचा. तोवर माल संपायचा, नाहीतर उकाड्याने आंबायचा. इथे उतरल्यावर मिळायची ती अरक, ताडी-माडीपासून किंवा गुळापासून गाळलेली. नुसती पिणं अवघड. मग बाजारात जे मुबलक ते त्यात ढकललं: लिंबू, साखर, पाणी, जायफळ. निव्वळ जुगाड!

इंग्रजी कागदपत्रांत 'पंच' पहिल्यांदा दिसतं १६३२ साली, आंध्र किनाऱ्यावरच्या पेटापोलीच्या वखारीत धाडलेल्या एका पत्रात. १६३८ साली मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेला आला. तिथले इंग्रज जे प्यायचे त्याचं नाव त्याने लिहून ठेवलं 'पालेपुंत्स'. म्हणजे 'बोल ओ पंच', पंचचा वाडगा! बिचाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. पुढे फ्रेंच बर्निएने बंगालात त्याचंच 'बुलपोंज' केलं.

आता नावाची भानगड. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात या किनाऱ्यावर होता. त्याच्या मते उत्तम अरक नेरूलची (गोव्याकडचं हो, नवी मुंबईतलं नव्हे), आणि पंच म्हणजे आपलं 'पाच', कारण त्यात पाच जिन्नस. वाचून कॉलर ताठ होते. पण जरा मोजून बघा. मांडेल्स्लोचे जिन्नस चार: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. बर्निएचेही चारच: अरक, लिंबू, पाणी, जायफळ. त्यात साखर नाही, गुलाबपाणी नाही. काही अभ्यासक म्हणतात की हा शब्द 'पंचन' या पिंपाच्या इंग्रजी नावावरून आला.

मला विचाराल तर 'पाच'ची व्युत्पत्ती खरी असेलही, पण पाचाचा नियम मात्र कधीच नव्हता. सुरतेत गुलाबपाणी हाताशी होतं म्हणून गुलाबपाणी, एवढंच. नियम मागाहून येतात, आपल्या कोडमधल्या डॉक्युमेंटेशनसारखे.

एक गोष्ट मात्र खटकते. वाडग्यात ढवळणाऱ्याचं नाव इतिहासात गेलं, पण माडावर चढून माडी काढणारा आणि भट्टीवर रात्र जागवणारा कुठेच नाही. त्यांच्या अरकेशिवाय साहेब लिंबू सरबतच प्यायला असता!

आणि ती अरक संपलेली नाही. गोव्यात माडाची फेणी अजून निघते. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, त्यामुळे काजूची फेणी त्या मानाने अलीकडची. उन्हाळ्यात काजूची पहिल्या धारेची येते ती हुर्राक, नावातच अरक. लोक त्यात लिम्का ओततात, लिंबू पिळतात, मीठ टाकतात आणि वर एक हिरवी मिरची उभी चिरून सोडतात. हुर्राक धरून मोजा, पाच भरतात. कोणी मिरची वगळतं, मग चारच उरतात आणि कोणाचं काही अडत नाही.