खानदेशची भिल्ल एजन्सी

सातपुड्यातील भिल्लांना केवळ बंदुकीने नव्हे, तर सलोख्याने वळवण्यासाठी ब्रिटिशांनी 1825 मध्ये उभारलेली यंत्रणा. 1818 मध्ये खानदेश हाती येताच सरकारने डोंगरात फौजा घातल्या, भिल्लांचे नाईक म्हणजे टोळीप्रमुख पकडले; उपद्रव मात्र थांबेना. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी एजंट नेमून जुने गुन्हे माफ करण्याचे आणि शेतीसाठी तगाई (सरकारी कर्ज) देण्याचे धोरण घेतले. ब्रिटिश लष्करी अधिकारी जेम्स औट्रम यांनी ज्यांच्यावर चाल केली, त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांबरोबर शिकारीला जाऊन विश्वास मिळवला. पलटणीचे ठाणे धरणगावला होते. अक्कलकुव्याकडील काठी, सिंगपूर ही मेवासी संस्थाने आपापल्या प्रमुखांकडेच राहिली, वर सरकारी देखरेख होती.

या धोरणाला मानवी हक्कांचे राजकारण म्हणणे धाडसाचेच. सरकारला हवा होता शांत मुलूख आणि नियमित महसूल, आणि सलोख्यामागे तलवार उपसलेलीच होती. 1857 च्या उठावात सेंधवा घाटाची राखण करणारे खाज्या नाईक सरकारवर उलटले, तेव्हा 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीला त्यांच्याशी लढाई झाली. खरा राजकीय हक्क पुष्कळ पुढे आला: काठीच्या डोंगरातील प्रौढांना मताचा हक्क मिळाला तो स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने. त्यानुसार 1951-52 मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली.