तापीकाठचे थाळनेर

खानदेशाला समुद्र नाही; तापीचा काठ हाच आमचा किनारा. सुरत बंदर आणि बऱ्हाणपूर यांमधली व्यापारी वाट याच खोऱ्यातली. त्या वाटेवरचे थाळनेर आज शिरपूर तालुक्यातले एक नदीकाठचे गाव आहे.

मी गेलो होतो फारुकी सुलतानांच्या कबरी पाहायला. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने हा मुलूख मलिक राजाला दिला. १३९९ मध्ये तो वारला. त्याची कबर इथेच आहे. त्याचा मुलगा नासीर खान याने अशीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवले. सत्ता तिकडे गेली, घुमट इथे राहिले.

ते पाहून किल्ल्याच्या पडक्या तटापाशी आलो. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना सोडला होता. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉपची फौज इथे आली. प्रतिकारानंतर किल्लेदार तुळशीराम स्वाधीन झाला. पण दरवाजात गोंधळ उडून इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली सुमारे तीनशेंची शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला फाशी दिले गेले. पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने फौजेचे आभार मानले, तेव्हा थाळनेरची ही फाशी त्यातून मुद्दाम वगळली.

लंडनला किल्लेदाराची फाशी खटकली. त्या तीनशेंची नावे मात्र मला कागदात सापडली नाहीत, आणि तटाशी त्यांच्या आठवणीचा दगडही दिसला नाही. खाली तापी संथ वाहत होती.