साहेबाचा पेला

स्वदेश सोडून दूर जाणारा मनुष्य आपली भाषा, आपला धर्म आणि आपली चव हीं तीन बरोबर घेऊन निघतो. पैकीं भाषेंत परक्या मुलखांत भेसळ होते, धर्मालाही देशकालाप्रमाणें मुरड घालावी लागते. परंतु जिभेची आठवण मात्र सहसा पुसली जात नाहीं. कोंकणांतला मनुष्य घाटावर आला तरी त्याला सोलकढी आठवते, आणि करवीरचा मनुष्य मुंबईस गेला तरी तेथील गुळाला नांवें ठेवतो. हिंदुस्थानांत आलेला इंग्रज या नियमाला अपवाद नव्हता. येथें तो प्रथम व्यापारी म्हणून आला, पुढें राजा झाला. पण दोन्ही अवस्थांत सायंकाळीं चार देशबांधव एकत्र जमले म्हणजे मायदेशाच्या कोणत्या मद्याची सर कोणाला येते, हा वाद त्यांच्यांत रंगत असे. हा वाद वरवर चैनीचा दिसतो. तथापि त्याच्या मागोमाग गेलें असतां व्यापार, रसायन, राज्यकारभार आणि न्याय या सर्वांचा इतिहास त्यांत सांपडतो.

सतराव्या शतकांत सुरतेच्या वखारींतील इंग्रजाला मायदेशचें पेय क्वचितच मिळे. १६१७ सालीं टॉमस कोर्याट नांवाचा एक विक्षिप्त प्रवासी, बहुतेक वाट पायीं तुडवीत, हिंदुस्थानांत येऊन अखेर सुरतेस पोंचला. त्याला अतिसार झालेला होता. विलायतेहून आलेली ‘सॅक’ नांवाची द्राक्षमदिरा वखारींत आहे हें कळतांच त्याला राहवेना. त्यानें ती मागून घेतली, दुखणें बळावलें आणि डिसेंबर महिन्यांत तो तेथेंच मरण पावला. मायदेशच्या चवीची ओढ केवढी असते याचें याहून करुण उदाहरण विरळा.

असें पेय रोज मिळणें शक्य नसल्यामुळें वखारवाल्यांनीं येथील ताडी व अरक यांशीं जुळवून घेतलें. अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला या पांच वस्तूंचें एक मिश्रण त्यांनीं आपलेंसें केलें, आणि त्याला ‘पंच’ हें नांव ‘पांच’ या आपल्या शब्दावरून पडलें, असें जॉन फ्रायर या वैद्यानें नमूद केलें आहे. याच फ्रायरच्या ग्रंथांत १६७४ सालच्या शिवराज्याभिषेकास आलेल्या हेन्री ऑक्झिंडेन याच्या वकिलातीची हकीकत आहे. रायगडावर खिचडी खाऊन कंटाळलेल्या या मंडळींना मांस पुरविण्यासाठीं एका म्हाताऱ्या खाटकाची योजना करण्यांत आली. वर्षभरांत आपल्याकडून खपत नाहीं इतकें मांस थोड्या दिवसांत फस्त करणारे हे लोक आहेत तरी कसे, हें पाहण्यासाठीं तो वृद्ध गड चढून वर आला! महाराष्ट्रानें इंग्रजाची भूक प्रथम पाहिली ती अशी कौतुकानें. त्याची तहान दिसावयास आणखी काळ जावा लागला.

ही तहान भागविणारीं मद्यें मुख्यतः तीन जातींचीं. पहिली जात ‘एल’. जव भिजवून, मोड आणून, भाजून त्याचा काढा करावयाचा, त्यांत हॉप्स नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें उकळावयाचीं, आणि साधारण उष्णतेंत किण्व घालून तें आंबवावयाचें. हें किण्व फेंसाबरोबर वर येतें. जव अधिक भाजून केलेला काळसर ‘पोर्टर’ हा एलचाच भाऊ. दुसरी जात ‘सायडर’. ही धान्याची नव्हे, सफरचंदाच्या रसाची. इंग्लंडांतील हेरफर्ड, सॉमरसेट, डेव्हन या बागायती परगण्यांत शेतकऱ्याच्या घरीं ती होई. तिसरी जात ‘लागर’; ही जर्मन मुलखांतली. तिचें किण्व तळाशीं बसतें, थंडींत सावकाश काम करतें, आणि पेय कित्येक आठवडे गार तळघरांत निवावें लागतें. १८४२ सालीं बोहेमियांतील पिल्सेन गांवीं जोसेफ ग्रोल यानें सोनेरी, पारदर्शक लागर तयार केली आणि तिची कीर्ति युरोपभर पसरली.

या तिघांपैकीं हिंदुस्थानची वाट प्रथम काबीज केली एलनें. लंडनच्या पूर्वेस बो येथें हॉजसन नांवाच्या गृहस्थांचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें जेथें नांगरत तें ब्लॅकवॉल तेथून जवळ. कप्तानांना खासगी व्यापारासाठीं जहाजांत कांहीं जागा मिळे, आणि हॉजसन त्यांना अठरा अठरा महिने उधारीवर माल देई. गोदीचें सान्निध्य व लांब मुदतीची उधारी, हेंच त्याच्या यशाचें मर्म होय. प्रवास सोसावा म्हणून हॉजसननें एक अपूर्व पेय शोधून काढलें, ही कथा पुष्कळ सांगितली जाते. पण भरपूर हॉप्स घातलेली टिकाऊ एल इंग्लंडांत पूर्वीपासूनच होत होती, आणि पोर्टरसुद्धां तोच समुद्र ओलांडून सुखरूप पोंचत होता. मात्र केप ऑफ गुड होपला वळसा घालून येतांना चार-सहा महिने पिंपें हेलकावे खात, दोनदां विषुववृत्ताची उष्णता सोशीत, आणि त्यामुळें आंतील एल लौकर मुरे, हें खरें. विलायतेंतील तळघरांत जी पक्वता यावयास वर्षें लागत, ती मुंबईच्या बंदरांत पिंप उघडतांच हातीं येई.

पुढें हॉजसनच्या वारसांना लोभ सुटला. त्यांनीं कप्तानांना वगळून स्वतःच माल पाठविण्याचें ठरविलें. तेव्हां कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनीं १८२२ सालीं बर्टन गांवच्या सॅम्युएल ऑल्सप या कारखानदाराला तशीच एल करून पाहण्यास सुचविलें. रशियानें जकात वाढविल्यामुळें बर्टनचा बाल्टिक समुद्रावरील व्यापार नुकताच बसला होता. ऑल्सपला नवें गिऱ्हाईक हवेंच होतें. त्याच्या जॉब गुडहेड या कसबी मनुष्यानें पहिला नमुना चहाच्या किटलींत केला, असें सांगतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्समचा अंश फार. त्यामुळें तेथील एल लंडनपेक्षां स्वच्छ, फिकी आणि करकरीत उतरली. पाठोपाठ बासही या व्यापारांत शिरला. ‘इंडिया पेल एल’ या नांवानें जगप्रसिद्ध झालेलें पेय तें हेंच. हिंदुस्थानचें नांव धारण करणाऱ्या या पेयांत पिणाऱ्याच्या मुक्कामाखेरीज हिंदुस्थानचें कांहींही नव्हतें!

माल बंदरांत उतरला म्हणजे तो पिंपांतून बाटल्यांत भरला जाई आणि बैलगाड्यांवरून घाट चढे. बोरघाट ओलांडून जाणारा सलग लोहमार्ग १८६३ सालीं तयार झाला. करवीर राज्यांत १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजी अधिकाऱ्यांची देखरेख सुरू झाली, आणि कोल्हापुरांत त्यांची एक लहान वसाहत कायम झाली. पण तेथें आगगाडी पोंचावयास १८९१ साल उजाडलें. तोंपर्यंत विलायती बाटलीला कोल्हापूर गांठण्यासाठीं समुद्रानंतर रस्त्याचेही कैक मुक्काम करावे लागत. अशा आडगांवीं राहणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तिची किंमत किती वाटत असेल, याची कल्पना सहज करतां येईल. कारण ३१ जुलै १८५७ रोजीं याच गांवीं सत्ताविसाव्या पलटणीचे शिपाई बंड करून उठले होते. सभोंवारचा मुलूख आपला नव्हे ही जाणीव त्यांना त्यापुढें कधींच विसरतां आली नाहीं.

बाटली थंड करणें हें स्वतंत्र शास्त्र होतें. मोठ्या घरांत ‘आबदार’ नांवाचा चाकर असे. सोरा घातलेल्या पाण्यांत बाटल्या फिरवून तो त्या गार करी. ही युक्ति मोगल दरबाराची. १८३३ सालीं बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें अमेरिकेंतील तळ्यांचा बर्फ जहाजांत घालून कलकत्त्यास आणला, आणि लौकरच मुंबईकरांनाही त्याची चटक लागली. सोऱ्याचा आबदार मागें पडला.

या पेल्यांतही जातिभेद होताच. फिकी एल ही साहेबाच्या मेजावरची. काळा पोर्टर गोऱ्या शिपायाचा. शिपायाच्या वांट्याला त्याहूनही अधिक येई तो अरक आणि रम. छावणींत करमणूक नाहीं, ऊन प्रखर, आणि कँटीनमध्यें कडक दारू स्वस्त. मग तापानें व तलवारीनें जेवढे मरत, त्यांत दारूनें आणखी भर पडे. १८६३ सालच्या लष्करी आरोग्यविषयक चौकशींत फ्लॉरेन्स नायटिंगेल हिनें या प्रकारावर कडक टीका केली. कडक दारूच्या जागीं सौम्य बिअर द्यावी, हा विचार त्यानंतर बळावला. पण विलायती बिअर सबंध पलटणीला पुरविणें खर्चाचें होतें. हिमालयाच्या थंड हवेंत ती येथेंच करण्याचा उद्योग त्यापूर्वींच सुरू झाला होता. कसौली येथें एडवर्ड डायर यानें १८५५ च्या सुमारास कारखाना उभारला; १८६० सालीं मरी येथें दुसरा निघाला. याच डायरला १८६४ सालीं मरी येथें जो मुलगा झाला, त्यानें १९१९ सालीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत निःशस्त्र जमावावर गोळीबार करविला. बापानें राज्यकर्त्यांची तहान भागविली, मुलानें त्याच राज्याच्या नांवें रक्त सांडलें.

सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला, आणि प्रवास महिन्यांवरून आठवड्यांवर आला. समुद्रावर मुरण्याची एलची जुनी खुबी आतां निरुपयोगी ठरली. यांत्रिक शीतगृहांनीं जर्मन लागरला उष्ण देशांचीं दारें उघडून दिलीं. १९१४ च्या युद्धानें जर्मन माल थांबला, तेव्हां त्याची जागा कांहीं अंशीं जपानी मालानें घेतली. अभिमानी इंग्रज एलचे गोडवे गात राहिला, पण वैशाखाच्या उन्हांत त्याचा हात गार लागरकडेच वळूं लागला. सायडर तर या शर्यतींत कधींच पुढें आली नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या जाहिरातींत तिचें नांव पोर्टर व एल यांच्या पंक्तीला दिसतें. पण हॉप्सचें कडू कवच नसलेलें हें नाजूक पेय माहेरच्या आठवणीपुरतेंच उरलें.

येथवर साहेबाच्या चवीची हकीकत झाली. प्रजेच्या चवीची हकीकत निराळी आहे. ज्या ताडीनें सुरतेच्या वखारवाल्यांची तहान भागविली, तिच्यावर त्यांच्याच वारसांनीं १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें कराचा पाश आवळला. गांवोगांवच्या भट्ट्या बंद झाल्या, झाडागणिक कर बसला, आणि माडावर पोट असलेल्या कोंकणांतील भंडारी समाजावर संकट कोसळलें. १८९२ च्या कायद्यानें मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. जंगलांतल्या गरिबाला जें फूल अन्न व मद्य दोन्ही होतें, तें वेंचणें हाच अपराध होऊन बसला. सरकारला मद्यपान थांबवावयाचें होतें असें मात्र नव्हे. मक्तेदारांच्या दुकानांतून उत्पन्न वाढवावयाचें होतें. पुण्यांत नव्या दारूच्या दुकानांना १८८० सालीं जोतीराव फुले यांनीं नगरपालिकेचे सभासद या नात्यानें लेखी विरोध केला. १९०८ सालीं टिळकांच्या प्रेरणेनें त्याच शहरांत दुकानांवर निरोधन झालें. एकमेकांशीं अनेक बाबतींत न जुळणाऱ्या दोन परंपरा या एका प्रश्नावर एका बाजूस उभ्या राहिल्या, यांतच त्या प्रश्नाचें गांभीर्य दिसतें. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकानें तोच प्रश्न घराघरांत नेला.

१ ऑगस्ट १९३९ रोजीं काँग्रेसच्या मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत दारूबंदी पुकारली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून सबंध राज्यांत पूर्ण बंदी आली. १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झालेलें कोल्हापूरही तिच्या कक्षेंत आलें. या कायद्यांतील एक तरतूद लक्षांत ठेवण्याजोगी आहे: जेथें मद्यपान सर्रास चालतें अशा परदेशांत जन्मून वाढलेल्या मनुष्याला परवाना मिळण्याची सोय तींत होती. राज्य गेलें, तरी साहेबाच्या चवीला कायद्यानें ओळख ठेवलीच! १९६० नंतर बंदी हळूहळू सैल झाली. कायदा मात्र नांव बदलून आजही टिकून आहे.

या चवीच्या भांडणाचा निकाल काळानें मोठ्या गमतीनें लावला. ज्या पेयाला हिंदुस्थानचें नांव मिळालें, तें हिंदुस्थानांत जवळजवळ नामशेष झालें. येथें आज विकली जाणारी बहुतेक बिअर लागरच असते. खुद्द विलायतेंतही लागरनें एलला इतकें मागें रेटलें कीं, १९७१ सालीं पिंपांतच मुरणाऱ्या अस्सल एलच्या रक्षणासाठीं तेथील रसिकांना संस्था काढावी लागली. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणींत घरीं नेणाऱ्या जहाजाची वाट पाहतां पाहतां गोरे शिपाई वेडेपिसे होत. त्यावरून इंग्रजी भाषेंत भ्रमिष्टासाठीं ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला. २००९ सालीं पुण्यांत ताजी बिअर गाळणारी एक लहान मद्यशाळा निघाली, तिनें हेंच नांव घेतलें. घराच्या ओढीनें झालेल्या वेडाचें नांव असें पाटीवर चढलें.

एल श्रेष्ठ कीं लागर, कीं सायडर, हा वाद असाच चालत राहील, आणि त्यांत कोणाचें नुकसानही नाहीं. घराची आठवण पेल्यांत शोधणारा परदेशस्थ मनुष्य दयेस पात्र आहे, दोषास नव्हे. दोष असेल तर तो एवढाच कीं, आपल्या आठवणीसाठीं सात समुद्रांवरून पिंपें आणविणाऱ्या राज्यकर्त्याला, माडाखालीं उभ्या असलेल्या भंडाऱ्याची आणि मोहाखालीं फुलें वेंचणाऱ्या वनवासी बाईची आठवणही तितकीच खरी आहे, हें कधीं उमगलें नाहीं.